लपलेली कृष्णविवरं आणि खोडदचा डेटा : रेडिओने खरंच काही हाती लागेल का?

तारांगण_४११०३८

आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मरणातून जन्मलेली कृष्णविवरं साधारण १० कोटी असावीत असं धरतात. अंदाज खाली १ कोटीपर्यंत आणि वर १०० कोटींपर्यंत ताणले जातात, ते सोडा. त्यातली वस्तुमान नीट मोजून पक्की झालेली किती? क्ष-किरण जोड्यांमधली (शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढताना क्ष-किरण देणारी) वीसेक, गाया या ताऱ्यांची ठिकाणं मोजणाऱ्या अवकाश दुर्बिणीने जोडीदार ताऱ्याच्या डुलण्यावरून पकडलेली तीन, आणि २०११ च्या एका मायक्रोलेन्सिंग (मधल्या वस्तूच्या गुरुत्वाने मागच्या ताऱ्याचा उजेड तात्पुरता वाढणं) घटनेतून बाहेर आलेलं एकटं एक. बाकी सगळी अंधारात.

माझं मत असं, की यांना शोधायचा खरा रस्ता रेडिओच. कृष्णविवराकडे पडणारा वायू कमी झाला की क्ष-किरण झपाट्याने मंदावतात, पण जेटमधून (बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोतातून) येणारा रेडिओ त्या मानाने तग धरतो. रेडिओ तेज हे क्ष-किरण तेजाच्या ०.६ ते ०.७ घाताच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे क्ष-किरण हजार पटींनी उतरले तर रेडिओ साठ ते सव्वाशे पटींनीच उतरतो. शिवाय धूळ आडवी येत नाही.

प्रश्न व्यवहाराचा आहे. जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, जुन्या निरीक्षणांचा डेटा ऑनलाइन संग्रहात मिळतो. चार जणांचा गट, ६४ जीबी रॅमचा एक डेस्कटॉप, शनिवार-रविवार. यात काही अर्थपूर्ण शोध होईल का? सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

पेठकर

पुण्यात हरवलेली वस्तू शोधायची पद्धत ठरलेली आहे. पाटी लावा : "कृष्णविवर सापडल्यास आणून द्यावे. आत डोकावू नये."

नारायणगावकर

जुन्नर भागातल्या माणसाला हा प्रश्न अवघड वाटणार नाही. उसात बिबट्या आहे हे बिबट्या दिसून कळत नाही, ऊस हलला की कळतं. गायाची पद्धत ती : तारा हलतो, म्हणजे शेजारी काहीतरी बसलंय. क्ष-किरण जोडी म्हणजे बिबट्या शेळी खाताना सापडणं. रेडिओवाले म्हणतात, आम्ही नुसती गुरगुर ऐकून सांगू.

फरक एवढाच, की उसात गुरगुरणारं दुसरंही बरंच काही असतं.

डेसिबल

नारायणगावकरांच्या शेवटच्या ओळीतच सगळं दुखणं आलं. विस्ताराने लिहितो.

शांत कृष्णविवराचा रेडिओ कसा ओळखायचा? जेट आखूड आणि दाट असतं, प्रत्येक वारंवारतेला त्याचा वेगळा थर चमकतो, म्हणून वर्णपट सपाट येतो. फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारं रेडिओ तेज) वारंवारतेच्या अल्फा घाताने बदलतो असं लिहिलं तर अल्फा ० च्या आसपास, कधी +०.५ पर्यंत. दूरच्या दीर्घिकांचे नेहमीचे रेडिओ स्रोत −०.७ ते −०.८. पल्सार (ठोके देणारे, गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे) −१.४ किंवा त्याहून तिरके. म्हणजे सपाट वर्णपट ही पहिली चाळणी.

पण सपाट वर्णपटाचे भलतेही भरपूर निघतात :

क्वेसारांचे, म्हणजे दूरच्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, गाभे, तेही सपाटच. आकाशात हे सर्वांत जास्त भरलेत.

तप्त वायूचे छोटे ढग आणि ग्रहीय तेजोमेघ, अल्फा −०.१. आकाशगंगेच्या पट्ट्यात यांची रेलचेल.

सक्रिय तारे, विशेषतः जवळच्या जोड्या. यांच्यात वर्तुळाकार ध्रुवीकरण बरेचदा ठळक असतं, कृष्णविवराच्या जेटमध्ये ते जेमतेम. म्हणून स्टोक्स व्ही (वर्तुळाकार ध्रुवीकरणाची) प्रतिमा काढून ठेवा, फुकटात एक चाळणी मिळते.

आता फ्लक्सचा अंदाज. ए ०६२०-०० हे सुमारे १ किलोपार्सेकवरचं (३,२६० प्रकाशवर्षं) अगदी शांत कृष्णविवर. ८.५ गिगाहर्ट्झला ५१ मायक्रोजान्स्की (जान्स्की हे फ्लक्सचं एकक) मोजलंय. व्ही ४०४ सिग्नी २.४ किलोपार्सेकवर असूनही शांतपणी ३०० मायक्रोजान्स्कीच्या घरात, कारण त्याचा जोडीदार मोठा आणि वायू जास्त. एक्सटीई जे१११८+४८० तर जेमतेम ५. म्हणजे प्रतिमेतला नॉइज १० मायक्रोजान्स्की आणलात तर ए ०६२०-०० कसंबसं ५ सिग्माला (नॉइजच्या पाचपट) दिसेल. मोकळ्या आकाशात, जीएमआरटीच्या बँड ४ मध्ये (५५०-८५० मेगाहर्ट्झ) काही तास दिले तर तेवढा नॉइज येतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात पार्श्वभूमीच तापलेली असते, तिथे तेवढा उतरत नाही.

कात्रज_घाट

मत चांगलं आहे, पण धागाकर्त्यांनी गायाची गोष्ट अर्धीच सांगितली. गाया बीएच१ आपल्यापासून सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर, वस्तुमान सूर्याच्या ९.६ पट, प्रदक्षिणा १८५.६ दिवसांची. बीएच२ साधारण ३,८०० प्रकाशवर्षांवर, १,२७७ दिवसांची. बीएच१ वर अमेरिकेची रेडिओ दुर्बीण व्हीएलए रोखून बघितली, बीएच२ वर दक्षिण आफ्रिकेची मीरकॅट, दोन्हींवर क्ष-किरण दुर्बीण चंद्रा. काहीच नाही. रेडिओही नाही, क्ष-किरणही नाही. पत्ता माहीत असून, दारात उभं राहून कडी वाजवली तरी आतून हूं नाही. आणि तुम्ही पत्ता न माहीत असलेल्यांना रेडिओने शोधणार?

डेसिबल

@कात्रज_घाट, आक्षेप बरोबर, पण त्यातून निघतं ते वेगळं. बीएच१ चा जोडीदार सूर्यासारखा तारा, त्याचा वारा मुळातच क्षीण, आणि दोघांत अंतर पृथ्वी-सूर्याच्या दीडपटीला थोडं कमी. खायलाच काही नाही. बीएच२ चा जोडीदार तांबडा राक्षसी तारा, तिथे थोडी आशा होती. तिथेही शांतता निघाली याचा अर्थ, जो वायू जवळ येतो त्यातला बहुतेक आत न जाताच बाहेर फेकला जातो. सापडलेल्या वायूचा शेकडा एक भाग आत जातो असं धरलं तर गणित जुळतं.

म्हणून जोडीदाराच्या जीवावर जगणाऱ्यांपेक्षा दाट रेण्वीय ढगातून वाट काढणारी एकटी कृष्णविवरं, हे रेडिओचं खरं सावज.

गणित_मास्तर

एकट्या कृष्णविवराचं पोट किती भरतं ते मांडू. बाँडीचं सूत्र : दर = ४π × (जीएम)² × घनता ÷ वेग³. ध्वनीचा वेग सोडून दिलाय, स्थूल हिशेबाला चालतं.

वस्तुमान १० सूर्य, ढगाची घनता घनसेंटीमीटरला १०० हायड्रोजन, वेग सेकंदाला २० किमी. कृष्णविवराची पकड पोचते जीएम÷वेग² इतकी, म्हणजे सुमारे २२ खगोलीय एकक, युरेनसच्या कक्षेच्या थोडं पलीकडे. दर येतो सेकंदाला साधारण ४६ कोटी टन. ऐकायला अबब, पण १० सूर्यांच्या कृष्णविवराच्या एडिंग्टन दराचा (त्याला जास्तीत जास्त गिळता येईल त्या दराचा) हा तीस हजारावा हिस्सा. डेसिबल म्हणतात तसा त्यातला शंभरावा भागच आत जाऊ द्या, म्हणजे तीस लाखावा.

गंमत वेगाच्या घनात आहे. २० चा वेग ४० केला की दर आठपट कमी. १०० केला की १२५ पट कमी. जन्मताना महास्फोटाचा धक्का बसलेलं कृष्णविवर उपाशीच राहणार. म्हणजे रेडिओने फक्त हळू चालणारी आणि दाट ढगात शिरलेली सापडतील. १० कोटींतली ही किती, यावर पैज लावू नका.

जाता जाता : आकाशगंगेत २०,००० कोटी तारे धरले तर दोन हजार ताऱ्यांमागे एक कृष्णविवर. सूर्याभोवती १०० पार्सेकमध्ये चारेक लाख तारे, म्हणजे दोनशेच्या आसपास कृष्णविवरं. सगळ्यांत जवळचं ५५ प्रकाशवर्षांवर असायला हवं.

कात्रज_घाट

हे दोनशे कागदावरचे. धक्का बसलेली वर-खाली पसरतात, पट्ट्यात त्यांची दाटी ताऱ्यांइतकी राहत नाही. निम्मेही धरू नका.

गणित_मास्तर

निम्मे धरले तरी सापडलेले शून्य आहेत, मुद्दा तो.

सर्व्हे_नंबर_१२

धागाकर्त्यांना सोपा रस्ता सांगतो. जीएमआरटीचा कच्चा डेटा हातात घेण्याआधी तयार सर्वेक्षणं वापरा. १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस, जीएमआरटीचंच, ६.२ लाख स्रोतांची यादी तयार आहे. दुसऱ्या टोकाला व्हीएलएचं ३ गिगाहर्ट्झचं व्हीएलएएसएस, २.५ आर्कसेकंदाचं. दोन्ही याद्या जुळवा. जे ३ गिगाहर्ट्झला १ मिलिजान्स्की दिसतं आणि टीजीएसएसमध्ये मुळीच नाही, ते सपाट. मग त्यातले गायाच्या ताऱ्याशी जुळणारे वेगळे काढा. लॅपटॉपवर एका दुपारचं काम.

डेसिबल

थांबा, थांबा. इथेच लोक घसरतात.

टीजीएसएसचा नॉइज ३ ते ५ मिलिजान्स्की. ५ सिग्मा म्हणजे २५ धरू. ३ गिगाहर्ट्झला १ मिलिजान्स्की असलेला, −०.७ चा अगदी सामान्य स्रोत १५० मेगाहर्ट्झला किती? वारंवारतेचं गुणोत्तर २०, त्याचा ०.७ घात म्हणजे ८. तर ८ मिलिजान्स्की. तो टीजीएसएसमध्ये दिसणारच नाही! "टीजीएसएसमध्ये नाही" यावरून एवढंच सिद्ध होतं की अल्फा −१.०७ पेक्षा तिरका नाही. ही सपाटपणाची खूण नव्हे, जवळजवळ सगळ्या आकाशाचं वर्णन आहे. ३ गिगाहर्ट्झला ३ मिलिजान्स्कीच्या वर असेल तरच न दिसण्याला थोडा अर्थ येतो, आणि लपलेली कृष्णविवरं एवढी तेजस्वी असती तर लपली नसती.

गायाशी जुळवणीही जपून. पट्ट्यात चौरस अंशाला १ लाख तारे धरले तर १ आर्कसेकंद त्रिज्येत योगायोगाने एखादा तारा सापडण्याची शक्यता २.४ टक्के. हजार स्रोत घेतले तर चोवीस "शोध" फुकट. दाट भागात ५ लाख तारे असतील तर शंभरावर.

आणि एकट्या कृष्णविवराला तारा नसतोच. ही चाळणी त्यालाच आधी फेकून देते.

सर्व्हे_नंबर_१२

मान्य. दुपारच्या कामाची संध्याकाळ झाली म्हणायची.

मृदुला_ताम्हणकर_नव्हे

कृष्णविवर की कृष्णविवरं? आणि डेटाला "विदा" का म्हणत नाही कुणी?

पेठकर

विदा म्हटलं की पुढे "विद्यातून" लिहावं लागतं, मग लोक सरस्वतीपूजनाला येतात.

मृदुला_ताम्हणकर_नव्हे

आणि आर्कसेकंदाला पंचांगवाले शतकानुशतकं विकला म्हणताहेत. अंश, कला, विकला. दुर्बीण आपली, कोन मात्र साहेबाचा.

फ्लॅगमास्टर

सपाट वर्णपट शोधायचा तर कच्चा डेटा घ्यावाच लागेल. टप्पे देतो. ज्याला जमिनीवर राहायचंय त्याने हे वाचावं.

१) कुठला डेटा. सुधारित जीएमआरटीचे चार पट्टे : बँड २ साधारण १२५-२५० मेगाहर्ट्झ, बँड ३ २५०-५००, बँड ४ ५५०-८५०, बँड ५ १०५०-१४५०. सपाट स्रोतांसाठी वरचे दोन. खाली गेलात की तिरके स्रोत फुगतात आणि सपाट आहे तिथेच राहतो, म्हणजे गर्दीत हरवतो. शक्य तो एकाच दिवशीचे बँड ४ आणि ५ शोधा. ही जेटं तासा-दिवसांत दुपटी-तिपटीने बदलतात. एक पट्टा मार्चचा आणि दुसरा ऑक्टोबरचा घेतला तर येणारा अल्फा हा वर्णपट नसून हवामान असतं.

२) जागा. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या, स्वतःशीच गुणलेल्या ३० धरून ४६५, दोन ध्रुवीकरणं, २०४८ चॅनेल, प्रत्येकी ८ बाइट : एका नोंदीला १५ एमबी. पाच-साडेपाच सेकंदांना एक नोंद, ८ तास. ८० जीबीवर गेलात. कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त आणि मॉडेल स्तंभ तयार झाले की तिप्पट-चौपट. २ टीबी एसएसडी ठेवा. चकतीवाली हार्डडिस्क लावलीत तर फ्लॅगिंग (खराब डेटा कापणं) चालू असताना पानशेतला जाऊन येता येईल.

३) फाइल एलटीए स्वरूपात येते. लिस्टस्कॅनने लॉग काढायचा, लॉगमध्ये नको ते स्कॅन वगळायचे, मग जीव्हीफिट्सने फिट्स. नंतर कासात आयात.

४) आधी नुसतं बघा. अँटेना विरुद्ध अ‍ॅम्प्लिट्यूड. मेलेल्या अँटेना आधी बाहेर. मध्य चौकात सी ०० ते सी १४, पण सी ०७ नावाची अँटेनाच नाही, ती शोधत बसू नका. ई ०१ नाही, एस ०५ पण नाही. १४ चौकात, १६ तीन भुजांवर.

५) फ्लक्सच्या मोजपट्टीसाठी ओळखीचे स्रोत : ३सी २८६, ३सी ४८ किंवा ३सी १४७. क्रम : विलंब, बँडपास, मग गेन. फेज कॅल (लक्ष्याजवळचा ओळखीचा तपासणी स्रोत) दर अर्ध्या तासाला चार-पाच मिनिटं असतो. त्यातला एखादा स्कॅन वाईट असेल तर दोन्ही बाजूंचा लक्ष्याचा डेटाही काढून टाका, मोह ठेवू नका.

६) फ्लॅगिंग दोनदा : एकदा कॅलिब्रेशनआधी ढोबळ, एकदा नंतर बारीक. विजेच्या तारांची ठिणगी सगळ्या पट्ट्यात एकदम दिसते आणि छोट्या बेसलाइनवर (दोन अँटेनांमधलं अंतर) जास्त. मोबाइलचे सिग्नल मोजक्या चॅनेलांत ठाण मांडून बसतात. पहिल्याला वेळेच्या अक्षावर कापा, दुसऱ्याला चॅनेलच्या. उलटं केलंत तर निम्मा डेटा जातो आणि घाण राहतेच.

७) प्रतिमा काढणाऱ्या टीक्लीनमध्ये डब्ल्यू-प्रोजेक्शन चालू, एनटर्म्स २. पट्ट्यातला पसरलेला उजेड प्रतिमेत लाटा उठवतो, म्हणून यूव्ही कक्षा (लहरलांबीत मोजलेली बेसलाइन) १ किलोलॅम्डाच्या वरचीच ठेवा, गरज पडल्यास ५ च्या. बिंदुस्रोताचं त्यात काही बिघडत नाही. मात्र दोन्ही पट्ट्यांना किलोलॅम्डातली कक्षा तीच ठेवा, नाहीतर एकीकडे जो पसरट उजेड मोजलात तो दुसरीकडे गायब होतो आणि खोटा अल्फा येतो.

८) सेल्फ-कॅल (स्वतःच्याच प्रतिमेवरून कॅलिब्रेशन) फक्त फेजचे तीन-चार फेरे, सोलिंट (एका उत्तराचा कालावधी) कमी करत. अ‍ॅम्प्लिट्यूडचा फेरा शेवटी एकच, लांब सोलिंटने. अ‍ॅम्प्लिट्यूड सेल्फ-कॅल घाईने केलं तर मॉडेलमध्ये नसलेले मंद स्रोत आणखी मंद होतात. तुम्हाला हवे असतात नेमके तेच.

हे सगळं हाताने नको असेल तर स्पॅम आणि कॅप्चर या दोन पाइपलाइन खुल्या आहेत. स्पॅम आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला) दिशेनुसार बदलही सुधारते. पण पहिला डेटा हातानेच करा. पाइपलाइन कधी चुकते हे त्याशिवाय कळत नाही.

डेसिबल

फ्लॅगमास्टरांच्या ७ नंतर एक टप्पा जोडतो, कारण यात गेलेले अनेक आहेत. प्राथमिक बीम, म्हणजे एका डिशला आकाशाचा किती भाग दिसतो ते.

४५ मीटरच्या डिशचं दृश्यक्षेत्र ६५० मेगाहर्ट्झला सुमारे ४२ आर्कमिनिटं. ५५० ला तेच ५० च्या जवळ, ८५० ला ३२. आता मध्यापासून २० आर्कमिनिटांवर एक अगदी सपाट स्रोत ठेवा. ५५० ला त्याचे ६४ टक्के दिसतात, ८५० ला ३४ टक्के. बीमची दुरुस्ती न करता अल्फा काढलात तर येतो −१.४. सपाट कृष्णविवर पल्सारच्या यादीत जाऊन पडलं! उलटंही घडतं : दुरुस्ती जास्त झाली की क्वेसार वर चढलेला दिसतो. म्हणून प्रत्येक उपपट्ट्याची प्रतिमा वेगळी काढा, प्रत्येकीला तिच्या बीमने भागा, मग अल्फा. आणि मध्यापासून अर्ध्या बीमच्या पलीकडचे उमेदवार यादीत घेऊच नका.

तारांगण_४११०३८

कमाल प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. मग समजा सगळ्या चाळण्यांतून पंधरा-वीस सपाट बिंदू उरले. क्वेसार आणि एकटं कृष्णविवर यांत फरक शेवटी कशाने करायचा? दोन्ही बिंदू, दोन्ही सपाट, दोन्ही बदलते.

नारायणगावकर

दगड आणि बिबट्या यांत जो करतात त्याने. थांबा आणि बघा, हलतंय का.

गणित_मास्तर

नारायणगावकरांनी उत्तर दिलं, मी आकडे घालतो. क्वेसार जागचा हलत नाही. १०० पार्सेकवरचं, सेकंदाला ५० किमीने आडवं जाणारं कृष्णविवर वर्षाला ०.१ आर्कसेकंद सरकतं. १ किलोपार्सेकवर तेच ०.०१.

स्थान किती अचूक मिळतं? प्रतिमेतल्या बीमची (बिंदू किती जाड दिसतो त्याची, प्राथमिक बीमची नव्हे) रुंदी भागिले सिग्नल-नॉइज गुणोत्तराची दुप्पट. बँड ५ ला बीम २ आर्कसेकंद, गुणोत्तर १० : ०.१ आर्कसेकंद. जुन्या ६१० मेगाहर्ट्झच्या प्रतिमेत बीम ५ : ०.२५. पंधरा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा असतील तर १०० पार्सेकवालं दीड आर्कसेकंद सरकलेलं असेल, म्हणजे सापडेल. १ किलोपार्सेकवालं ०.१५, म्हणजे नाही. (मृदुलाताई, विकलेतही उत्तर हेच येतं.)

फ्लॅगमास्टर

आणि दोन निरीक्षणांच्या मध्ये आयनांबर सगळी प्रतिमाच अर्धा-एक आर्कसेकंद ढकलतं. म्हणून निव्वळ निर्देशांक वजा करू नका. त्याच प्रतिमेतले वीस-तीस दूरचे टोकदार स्रोत घ्या, त्यांच्यावर दोन्ही प्रतिमा जुळवा, मग उमेदवार बघा. दुहेरी लोबवाले (दोन बाजूंना फुगे असलेले) स्रोत जुळवणीला घेऊ नयेत. वारंवारता बदलली की त्यांचा मध्य सरकतो.

कात्रज_घाट

यालाच जोडून, एम १५ च्या दिशेने दिसणारा व्हीएलए जे२१३०+१२. आधी सगळे त्याला त्या गोलाकार तारकागुच्छातलाच समजत होते. खंडव्यापी रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने त्याचं पॅरालॅक्स (पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे दिसणारं सरकणं) मोजलं तेव्हा कळलं, तो गुच्छाच्या कितीतरी अलीकडे, २.२ किलोपार्सेकवर आहे. सपाट वर्णपट, क्ष-किरण जवळजवळ नाहीत, जोडीदार सूर्याच्या दशांश-दोनदशांश वस्तुमानाचा. शांत कृष्णविवराचा हा रेडिओतून निघालेला उत्तम उमेदवार. म्हणजे माझ्याच आधीच्या आक्षेपाला मीच छेद देतोय. पण "उमेदवार" हा शब्द अजून पुसलेला नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

घाईचे शोध आठवा : एलबी-१ मध्ये ७० सूर्यांचं कृष्णविवर असल्याचं २०१९ ला जाहीर झालं, टिकलं नाही. एचआर ६८१९ हे २०२० ला "सगळ्यांत जवळचं", २०२२ ला तिथे दोन तारे निघाले, विवर नाहीच.

लोखंडी_हॉर्न

जरा विषयांतर. घरच्या गच्चीवर हॉर्न अँटेना करून काही होईल का? बोहरी आळीत पत्रा मिळतो, बुधवार पेठेत कनेक्टर, एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा रेडिओ) मागवता येतो. यात कृष्णविवर नाही तरी काहीतरी?

डेसिबल

हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा उत्तम मिळते. गोल पत्र्याचा डबा घ्या, व्यास १२.४ सेमीपेक्षा जास्तच हवा, नाहीतर २१ सेमीची लहर आत शिरतच नाही. १६ च्या वर नको, दुसरे मोड घुसतात. १५ सेमीचा डबा असेल तर आतल्या लहरीची लांबी ३७ सेमी होते, २१ नाही. इथेच सगळे चुकतात. प्रोबची तार ५ सेमीच्या जरा आत, पण ती मागच्या बंद बाजूपासून पाव लहर म्हणजे ९.३ सेमीवर. बाहेरच्या २१ चा पाव म्हणून ५.३ वर भोक पाडलंत की डबा वाया. प्रोबला चिकटूनच कमी नॉइजचा प्रवर्धक आणि १४२० चा फिल्टर. दोन मीटर स्वस्त केबल मध्ये घातली तर जो सिग्नल वाचवायचा तो केबलच खाते. आकाशगंगेचा पट्टा वर आला की दहा मिनिटांच्या सरासरीत उंचवटा दिसेल.

कृष्णविवराचं म्हणाल तर : अर्धा चौरस मीटर क्षेत्र, १५० केल्विन, २ मेगाहर्ट्झ पट्टा, एक तास. नॉइज १० जान्स्की. ए ०६२०-०० आहे ५० मायक्रोजान्स्की. फरक दोन लाख पटींचा, आणि नॉइज वेळेच्या वर्गमुळाने उतरतो. नुसतं बरोबरीला यायला ४५ लाख वर्षं. ५ सिग्मासाठी गुणिले २५.

पेठकर

मेट्रोच्या कामाला सवयलेल्या माणसाला ही मुदत वाजवी वाटते.

पल्सारवाली

सगळे जेटच्या मागे लागलेत. रेडिओचा दुसरा रस्ता कुणीच काढला नाही : पल्सारचं घड्याळ. कृष्णविवर मुकं असू द्या, त्याच्याभोवती पल्सार फिरत असेल तर ठोके पुढे-मागे होतात आणि वस्तुमान थेट हातात येतं. जेटवरून वस्तुमान कधीच मिळत नाही.

याची सर्वांत जवळची गोष्ट खोडदशी बांधलेली आहे. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला पहिला पल्सार, जे०५१४-४००२ए, जीएमआरटीने शोधला, २००४ चा निबंध. त्याच गुच्छात मीरकॅटने पुढे जे०५१४-४००२ई शोधला. सेकंदाला १७० हून जास्त फेरे, कक्षा ७.४४ दिवसांची, लंबगोलपणा ०.७१. जोडीदाराचं वस्तुमान २.०९ ते २.७१ सूर्य, जानेवारी २०२४ ला प्रसिद्ध. न्यूट्रॉन ताऱ्याला जड, कृष्णविवराला हलकं. काय आहे ते ठरलेलं नाही, पण वस्तुमान ठरलंय.

त्रास असा : तीव्र कक्षेतल्या पल्सारचे ठोके डॉप्लरने पसरतात. एका तासाचा डेटा सरळ फूरिअरने बघितला तर शक्ती शेजारच्या खणांत सांडते आणि शिखर बुडतं. त्वरण गृहीत धरून शोध घ्यावा लागतो, आणि एका वेळी शोधायच्या डेटाची लांबी कक्षेच्या दहाव्या भागाच्या आत. त्याहून लांब डेटा घेतलात तर स्थिर त्वरणाचं गृहीतकच मोडतं. जास्त डेटा नेहमी चांगला नसतो.

डेसिबल

मान्य, बिनशर्त. पण संग्रहातल्या प्रतिमांच्या डेटाला हे लागू नाही, त्याला ठोके टिपणारी वेगळी, जलद नोंदींची निरीक्षणं लागतात. धागाकर्त्यांच्या डेस्कटॉपला इमेजिंगच झेपेल.

कात्रज_घाट

एसकेए-मिड या येऊ घातलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या १९७ डिश उभ्या राहिल्या की मायक्रोजान्स्कीच्या खालचा खेळ सुरू होईल. भारताने त्यासाठी १,२५० कोटी मंजूर केलेत. तोवर दोन प्रतिमांतलं सरकणं शिकून घेतलं तर वाया जाणार नाही.

फ्लॅगमास्टर

मूळ प्रश्नावर येतो. नवीन शोधाआधी ओळखीच्यावर हात बसवा. सिग्नस एक्स-१ घ्या. १९७१ मध्ये रेडिओतूनच त्याचं नेमकं ठिकाण कळलं आणि जोडीदार तारा ओळखता आला, म्हणजे शकुनही चांगला. सेंटीमीटर लहरींत १५ मिलिजान्स्कीच्या आसपास, वर्णपट सपाट. बँड ५ चा डेटा घ्या. बँड ३ नको : साडेपाच अंशांवर सिग्नस ए बसलाय, हजारो जान्स्कीचा. बाजूच्या बीममधून त्याची किरणं पूर्ण प्रतिमेवर आडव्या-तिडव्या रेघा मारतात.

बँड ५ चे चार उपपट्टे करा, चारांत अल्फा शून्याच्या जवळ, ±०.२ मध्ये आला पाहिजे. न आल्यास बीम किंवा बँडपास चुकलाय. मग व्ही ४०४ सिग्नी, म्हणजे पन्नासपट मंद. तो दिसला की तुमचा नॉइज खरा. त्यानंतरच अनोळखी आकाश.

तारांगण_४११०३८

ठरलं. सिग्नस एक्स-१, बँड ५, हाताने. संग्रहात खातं उघडलं, एक ८ तासांचं निरीक्षण हेरलंय. नंतर ६१० मेगाहर्ट्झच्या जुन्या प्रतिमा आणि नवीन बँड ४ असलेली दोन-तीन क्षेत्रं बघू, रेण्वीय ढगांच्या दिशेची पण तारे जन्मत नसलेली, म्हणजे तप्त वायूचा गोंधळ कमी. लॉग इथेच टाकत जाईन. लिस्टस्कॅनचं पहिलं पान आत्ताच निघालं, त्यात २८ अँटेना दिसताहेत. दोन कुठे गेल्या?

फ्लॅगमास्टर

देखभालीत असतील. २८ भरपूर झाल्या. कुठल्या दोन नाहीत ते लिहून ठेवा. टोकाच्या डब्ल्यू ०६, एस ०६ वगैरे असतील तर बीम फुगेल.

नारायणगावकर

सी ०७ सापडली तर मात्र लगेच कळवा. ती क्ष-किरणांतही दिसत नाही.